सुतळी बॉम्ब, रव्याचा लाडू आणि उघडं दार: दिवाळीत घरातल्या कुत्र्यामांजरांना कसं जपायचं

दिवाळीच्या तोंडावर प्राण्यांच्या दवाखान्यात एक मागणी हमखास ऐकू येते. "डॉक्टर, झोपेचं काहीतरी द्या. चार दिवस निघाले की झालं." मागणी मायेपोटीच असते. रात्रभर थरथरणारा कुत्रा मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पण त्या मागणीत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: भीती चार दिवसांत निघून जाते, आणि निपचित पडलेलं जनावर घाबरलेलं नसतं. दोन्ही खोट्या आहेत. म्हणून आधी त्यांचंच बोलू. फराळ, पत्री, पणत्या आणि उघडं दार हे सगळं त्यानंतर.

सवय होत नाही, भीती मुरते

माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कुत्र्याला सुमारे 45,000 पर्यंतचे, मांजराला 64,000 किंवा त्याहूनही वरचे. आपल्या कानाला पत्ताही लागत नाही असे बारीक आवाज त्यांना दिवसभर ऐकू येत असतात. अशा कानावर फटाका काय करत असेल? भारतातल्या नियमानुसार फटाक्याचा आवाज 4 मीटर अंतरावर 125 डेसिबलच्या पुढे जाता कामा नये. आकडा फार वाटत नाही, कारण साधं बोलणंही 60 डेसिबलच्या आसपास असतं. पण डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही. दर 10 डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते. त्या हिशेबाने नियमात बसणारा फटाकासुद्धा बोलण्याच्या सुमारे 30 लाख पट तीव्र ठरतो.

तरी नुसता मोठेपणा हे भीतीचं अर्धंच कारण आहे. उरलेलं अर्धं म्हणजे अंदाज न येणं. पावसाळी गडगडाटाआधी वारा सुटतो, अंधारून येतं, वीज चमकते. फटाक्याला अशी कसलीच पूर्वसूचना नसते. दोन इमारतींच्या मधल्या बोळात आवाज इतका घुमतो की तो आला कुठून हेही कळत नाही. पळावं तर कुठे? ज्या आवाजाची दिशा कळत नाही आणि जो पुन्हा कधी येईल तेही कळत नाही, त्याच्यापुढे जनावराला काहीच करता येत नाही. आपल्याला निदान कॅलेंडर वाचता येतं.

"होईल हळूहळू सवय" हे वाक्य इथेच फसतं. सवय होते ती सौम्य, ठरावीक आणि निरुपद्रवी गोष्टींची. कुकरच्या शिट्टीला पिल्लू आधी दचकतं, पुढे त्याच शिट्टीत गाढ झोपतं. प्रचंड, अचानक आणि भयंकर वाटणाऱ्या गोष्टींचं नेमकं उलटं होतं. प्रत्येक वेळी मेंदू आणखी सावध होतो. पहिल्या वर्षी कुत्रा सुतळी बॉम्बला घाबरतो, पुढच्या वर्षी लवंगीला, त्यानंतर काडी ओढल्याच्या आवाजाला, बारुदाच्या वासाला, शेवटी नुसत्या तिन्हीसांजेला. "गेल्या वर्षी एवढं नव्हतं हो," असं मालक सांगतात ते खरंच असतं. म्हातारपणी अचानक आवाजाची भीती सुरू झाली असेल तर सांधे किंवा पाठ दुखतेय का तेही तपासून घ्या. दचकल्यावर अंग ताठरतं, दुखतं, आणि आवाज व दुखणं यांची डोक्यात गाठ पडते.

भीती ओळखायची कशी? ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मालकांना विचारलं की तुमचा कुत्रा आवाजांना घाबरतो का. साधारण चौथाई लोक हो म्हणाले. मग एकेक लक्षण सांगून, असं करतो का, तसं करतो का विचारलं, तेव्हा निम्म्यांच्या कुत्र्यांत काही ना काही निघालं. भीती डोळ्यांसमोर असते, पण आपण तिला भीती म्हणत नाही.

संध्याकाळी सहाची वेळ घ्या. मोठा आवाज अजून एकही झालेला नाही, लांब कुठेतरी एक लवंगी उडालीय. कुत्रा उठून उभा राहतो. कान मागे चिकटतात, जीभ बाहेर येऊन नाकाचा शेंडा चाटून जाते. मग तो जांभई देतो. ताण आला की कुत्री जांभया देतात, झोपेशी तिचा संबंध नाही. एरवी ज्यासाठी उड्या मारतो ते बिस्कीट पुढे केलं तर हुंगतो आणि मान वळवतो. पुढचा एक पंजा जमिनीपासून किंचित उचललेला असतो. गार फरशीवर उभा असून धाप लागलेली असते. एवढं दिसलं की रात्र जड जाणार हे समजावं आणि त्याच क्षणी खोलीची तयारी करावी. थरथर, दार खरवडणं, घरात लघवी होणं या पुढच्या पायऱ्या आहेत. तिथवर वाट पाहू नका.

गोळी कुठली, जवळ घ्यायचं की नाही, आणि खोलीचं काय

झोपेच्या गोळीकडे वळू. पूर्वी सर्रास दिलं जाणारं औषध म्हणजे एसीप्रोमाझिन. त्याने शरीर सुस्तावतं, पाय उचलत नाहीत, पण भीती जिथल्या तिथे राहते. काही कुत्री तर त्या गुंगीत आवाजाला जास्तच दचकतात. मालकाला वाटतं, शांत झोपलाय. प्रत्यक्षात तो जागा असतो, घाबरलेला असतो आणि हलू शकत नसतो. म्हणून ते एकटं औषध भीतीवर देऊ नये असं आता पशुवैद्यक सांगतात. भीतीच कमी करणारी वेगळी औषधं आहेत. ती जनावराचं वजन, वय, हृदय आणि यकृत बघून डॉक्टर ठरवतात. एखाद्या साध्या दिवशी मात्रा देऊन काय परिणाम होतो ते आधी पाहावं लागतं, आणि सणाच्या दिवशी पहिल्या आवाजाच्या आधी ती पोटात जावी लागते. हे सगळं वसुबारसेच्या निदान पंधरा दिवस आधी सुरू व्हायला हवं.

घरच्या औषधांच्या डब्यातलं मात्र काहीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं बिघडतात. माणसांच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) असतं. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

दुसरा जुना समज: घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं, थोपटलं, तर त्याची भीती "पक्की" होते. शेजारपाजारचे हे मोठ्या अधिकाराने सांगतात. मी तर म्हणेन, हा सल्ला देणाऱ्याला दिवाळीच्या रात्री बिनधास्त दुर्लक्षित करा. बक्षीस दिल्याने कृती वाढते, भावना वाढत नाही. कुत्रा काही लाड करून घ्यायला घाबरत नाही. तो तुमच्याकडे आला तर जवळ घ्या, अंगावर सलग हात ठेवा, शांतपणे बोला. पलंगाखाली गेला असेल तर तिथे राहू द्या. ओढून बाहेर काढून "काही नाही रे, बघ" करत गॅलरीत नेणं मात्र क्रूरपणा आहे.

खाऊचाही मोठा उपयोग होतो. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातून 2020 साली आलेल्या अभ्यासात मालकांनी सांगितलेल्या उपायांपैकी आवाजानंतर लगेच आवडीचा खाऊ देणं किंवा खेळणं हा बहुतेकांना गुण देणारा ठरला. यात क्रम महत्त्वाचा. आधी धडाका, मग उकडलेल्या चिकनचा तुकडा किंवा पनीर. उलट केलं तर खाऊ हीच धोक्याची घंटा होऊन बसते. आणि कुत्रा खातच नसेल तर आग्रह करू नका. खाण्याच्या पलीकडे गेलेल्या भीतीला औषध लागतं.

खोली आतली निवडा, रस्त्याकडे खिडकी नसलेली. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, जमिनीवर गादी किंवा गोधडी. फटाक्यांच्या माळेची तडतड याने बरीच कमी होते. सुतळी बॉम्बचा खर्जातला दणका भिंतीतून येतोच, त्याला पडदा पुरत नाही. म्हणून पंखा किंवा कूलर सुरू ठेवून एकसुरी आवाजाची पार्श्वभूमी करावी. टीव्ही चालेल, कानठळ्या बसवणारा नको. बरीच कुत्री आपणहून न्हाणीघरात शिरतात. शिरली तर त्यांचं अंथरूण तिथेच टाका. पिंजऱ्यात घालून कुलूप लावू नका, घाबरलेला कुत्रा सळ्या चावून दात मोडून घेतो. रात्रीचं जेवण दिवे लागणीच्या आधी, फिरवणं त्याच्याही आधी.

नरकचतुर्दशीची पहाट हे आपल्याकडचं खास प्रकरण. अंघोळीआधीचा पहिला फटाका चार-साडेचारलाच उडतो. रोज पाचला कुत्र्याला खाली नेत असाल तर त्या दिवशी तो नेम मोडा. आवाज शमल्यावर, आठच्या सुमारास जा. मध्येच गरज पडली तर गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं पसरून ठेवा.

मांजरं, पक्षी आणि ससे

मांजर आरडाओरडा करत नाही, म्हणून त्याला काही होत नाही असं वाटतं. ते माळ्यावर, कपाटामागे जातं आणि दहा-बारा तास बाहेरच येत नाही. पाणी पीत नाही, लघवीला जात नाही. बोक्यांच्या बाबतीत हे धोक्याचं असतं. ताणाने मूत्राशयाला सूज येते आणि मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो तुंबू शकतो. मातीच्या ट्रेमध्ये बोका पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय, कण्हतोय आणि काहीच होत नाहीये, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. लपण्याच्या जागेजवळच पाणी आणि ट्रे नेऊन ठेवलेत तर निम्मी चिंता मिटते.

पक्ष्यांची फुप्फुसं हवेतलं काहीही फार झपाट्याने शोषतात. दिवाळीआधीच्या रंगकामाचा वास, उदबत्ती-धुपाचा धूर, अतितापलेल्या नॉनस्टिक कढईची वाफ, सगळंच त्यांना बाधतं. त्यातली नॉनस्टिकची वाफ तर मिनिटांत जीव घेते. बजरीगरचा पिंजरा स्वयंपाकघरापासून आणि देवघरापासून लांब ठेवा. (पिंजऱ्यात आपला देशी हिरवा पोपट असेल तर मुळात तो ठेवणंच 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.) ससा घाबरला की खाणं सोडतो आणि त्याचं आतडं थांबतं. दहा-बारा तास सशाने काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर गाठा.

लक्ष्मीसाठी उघडलेलं दार

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दार उघडं ठेवायची आपली पद्धत. उंबऱ्यात पणत्या, बाहेर रांगोळी, हातात मिठाईचे डबे घेऊन ये-जा करणारी माणसं. त्यात खाली माळ लागते. मिठाई देणारा आणि घेणारा दोघेही खाली बघतात आणि त्या दोन सेकंदांत कुत्रा पायांमधून निसटून जिना उतरलेला असतो. घाबरलेलं जनावर हाक ऐकत नाही. एरवी तुमच्या शिट्टीवर परत येणारा कुत्राही येत नाही, कारण त्या क्षणी तो फक्त पळत असतो.

उपाय अगदी साधा आहे: दार उघडं, तर जनावर बंद दाराआड. त्या खोलीच्या दारावर चिठ्ठी लावा, "आत कुत्रा आहे, उघडू नये". पाहुण्यांची मुलं ती वाचतात आणि तरीही उघडतात, म्हणून वर कडीही लावा. गॅलरीला जाळी नसेल तर मांजराला तिथे सोडू नका. चौथ्या मजल्यावरूनही मांजर पायांवर पडतं आणि वाचतं हे अर्धसत्य आहे. वाचलं तरी जबडा, छाती, पाय यांतलं काहीतरी बहुधा मोडतं.

गळ्यात पट्टा आणि त्यावर तुमचा मोबाइल नंबर, सणभर घरातसुद्धा. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच सैल; त्याहून सैल असेल तर झटका देऊन मान काढून घेतो. बाहेर नेताना हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा या दोन्हींना दोर असू द्या. मायक्रोचिप बसवली असेल तर उत्तम, पण तिच्याबद्दल एक गैरसमज आहे. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या चिपमध्ये बॅटरी नसते, ती जनावर कुठे आहे ते सांगत नाही. दवाखान्यात स्कॅनर फिरवल्यावर फक्त 15 आकडी नंबर दिसतो, आणि तो तुमच्या नावाशी व चालू फोन नंबराशी जोडलेला असला तरच उपयोग.

हरवलंच तर मांजर बहुधा जवळच असतं: पार्किंगमधल्या गाडीखाली, डक्टमध्ये, मीटरच्या खोलीत. फटाके थांबल्यावर, रात्री दोन-तीनला, टॉर्च आणि खाऊचा डबा घेऊन हळू आवाजात हाक मारत फिरा. कुत्रा लांब जातो. त्याच्यासाठी वॉचमन, रिक्षास्टँड आणि वस्तीतल्या भटक्या कुत्र्यांना खायला घालणारी माणसं यांच्याकडे फोटो पोचवा. खाऊ घालणाऱ्यांना गल्लीतलं प्रत्येक नवं कुत्रं दिसतं.

फराळाच्या ताटात काय नको

माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं ते याबद्दल. चॉकलेट वाईट हे एव्हाना बहुतेकांना माहीत आहे. रव्याच्या लाडवावरचा बेदाणा मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

द्राक्षं, मनुका आणि बेदाणे यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हे 2001 च्या सुमारास अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांच्या ध्यानात आलं, पण नेमकं कशाने ते वीस वर्षं कळत नव्हतं. एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत, तर दुसरा चार दाण्यांत आजारी. मग 2021 मध्ये धागा सापडला तो भलत्याच गोष्टीतून. घरी केलेली खेळण्याची माती एका कुत्र्याने खाल्ली आणि त्याला तसाच त्रास झाला. त्या मातीत क्रीम ऑफ टार्टर होतं, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार. तेच आम्ल द्राक्षात असतं, आणि जात, पिकणं, हंगाम यांनुसार त्याचं प्रमाण बदलतं. म्हणून मात्रेचा अंदाज लागत नव्हता. टार्टारिक आम्ल आणखी कशात भरपूर असतं? चिंचेत. चिंच खाऊनही कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याचं आढळलेलं आहे.

आता आपलं घर डोळ्यांपुढे आणा. चिवड्यात बेदाणे, शिऱ्यात बेदाणे, लाडवावर बेदाणा, ड्रायफ्रूटच्या पाकिटात काळ्या मनुका. अळूच्या फतफत्यात चिंच, आमटीत चिंचगूळ, भेळेच्या चटणीत चिंच. सुरक्षित मात्रा ठाऊक नसल्याने नियम एकच: अजिबात नाही. खाल्लं असेल तर पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग बरं वाटल्यासारखं होतं, आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाते. मधल्या त्या बऱ्या वाटण्याला भुलू नका. वसई-गोव्याकडे नाताळच्या केकसाठी मनुका रममध्ये भिजत घालतात. त्या बरणीत विष दोन प्रकारचं आहे.

चॉकलेटमधलं थिओब्रोमिन माणूस काही तासांत पचवतो. कुत्र्याच्या रक्तातून ते निम्मं उतरायलाच 17-18 तास लागतात. दर किलो वजनामागे साधारण 20 मिलीग्रॅमच्या पुढे त्रास सुरू होतो आणि 60 च्या आसपास झटके येऊ शकतात. 10 किलोच्या कुत्र्याने 70 टक्केवालं डार्क चॉकलेट 40 ग्रॅम खाल्लं तर सुमारे 320 मिलीग्रॅम, म्हणजे किलोमागे 32. सरळ दवाखाना. तेवढंच दुधाळ चॉकलेट असेल तर किलोमागे आठेक, बहुधा पोट बिघडण्यावर निभावतं. म्हणून "चॉकलेट खाल्लं" एवढंच सांगू नका. कोणतं आणि किती, ते सांगा; शक्य तर रिकामं वेष्टनच घेऊन जा.

कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात. मांजराचं हिमोग्लोबिन या बाबतीत फारच नाजूक: किलोमागे 5 ग्रॅम कांदा पुरेसा, म्हणजे चार किलोच्या मांजराला 20 ग्रॅम. चिवड्यातला तळलेला कांदा पाणी उडून गेल्याने वजनाच्या मानाने जास्त जहाल असतो, लसूण शेवही तशीच. त्रास लगेच दिसत नाही. दोन ते पाच दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी तपकिरी होते. तोवर चिवडा खाल्ल्याचं घरात कुणाला आठवतही नसतं.

करंजी, चकली, शंकरपाळे, अनारसे यांत विष नाही, तेल-तूप आहे. पण एकदम एवढी चरबी पोटात गेली की कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते. वारंवार उलट्या, जेवण बंद, आणि पुढचे पाय पसरून मागचा भाग वर करून उभं राहणं ही खूण. आजीआजोबांना सांगून ठेवा, नाहीतर "एकच करंजी दिली" असं पाच जण पाच वेळा म्हणतात.

मधुमेहींसाठी आणलेल्या शुगरफ्री मिठाईत किंवा च्युइंगगममध्ये झायलिटॉल असेल तर कुत्र्याची रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात कोसळते, पुढे यकृतही जाऊ शकतं. वेष्टनावर ते ई 967 असंही लिहिलेलं असतं. स्टीव्हिया किंवा सुक्रालोजचा तसा धोका नाही. श्रीखंडातल्या जायफळाची भीती दरवर्षी मोबाइलवर फिरते; चिमूटभराने काही होत नाही, अख्खं जायफळ चघळलं तर गोष्ट वेगळी.

देवघर, पत्री, फुलं

गणपतीच्या 21 पत्रींमध्ये रुई, कण्हेर आणि धोतरा असतात. रुई आणि कण्हेर या दोन्हींत हृदयावर काम करणारी विषं आहेत. कण्हेर तर वाळल्यावरही विषारीच राहते. धोतऱ्याने भ्रम आणि झटके. पूजा झाल्यावर निर्माल्य खाली परातीत ठेवायची सवय बदला. पिल्लांना पानं फाडायला फार आवडतात. दूर्वा, जास्वंद, निशिगंध यांची काळजी नको. पुष्पगुच्छातली लिली मात्र मांजराच्या घरात येताच कामा नये. पराग अंगावर पडला आणि मांजराने अंग चाटलं, किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मूत्रपिंडं जाऊ शकतात. भेट आलाच असेल तर शेजाऱ्यांना द्या, त्यांच्याकडे मांजर नसेल तर.

कापराची वडी कुत्र्याने गिळली तर झटके येतात. कपाटं आवरताना निघालेल्या डांबराच्या गोळ्याही तशाच वाईट. सुगंधी तेलांचे डिफ्युझर मांजराच्या खोलीत नकोत, त्याच्या यकृताला ते जड जातात. तोरणाचा दोरा, जरीची रिबीन मांजराने गिळली आणि टोक तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसलं तर ओढू नका. आतलं आतडं चिरलं जातं.

पणत्या शेपटीच्या उंचीवर ठेवू नका, बाकी काही सांगायला नको. भाजलंच तर भागावर दहा ते वीस मिनिटं साधं पाणी सोडा. बर्फ, हळद, टूथपेस्ट, तूप यांतलं काही लावायचं नाही.

रात्री अकराला काय करायचं

काही खाल्ल्याचं कळलं की पहिले एक-दोन तास सोन्याचे. तेवढ्यात डॉक्टर इंजेक्शनने उलटी करवू शकतात. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं हा उपाय विषापेक्षा घातक ठरू शकतो, रक्तातलं सोडियम वाढून मेंदूवर परिणाम होतो. फोनवर चार गोष्टी तयार ठेवा: काय खाल्लं, किती, कधी, आणि जनावराचं वजन. अर्धवट चावलेला फटाका असेल तर तेही सांगा. फटाक्यांत बेरियम असू शकतं. त्याने रक्तातलं पोटॅशियम घसरून जनावर लुळं पडतं.

तुमचे डॉक्टर लक्ष्मीपूजनाच्या रात्री गावी असतील का, हे धनत्रयोदशीलाच विचारून ठेवा. परळचं बैलघोडा इस्पितळ मुंबईत सगळ्यांना माहीत असतं, पण त्या रात्री घोडबंदरहून तिथे पोचायला किती वेळ लागेल याचा हिशेब कुणी केलेला नसतो. जवळचे रात्री उघडे असणारे दोन पत्ते फ्रीजवर चिकटवा.

कायद्याचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री 8 ते 10 ही वेळ ठरवली आणि माळांवर बंदी घातली. ती किती पाळली जाते ते आपण ऐकतोच. हरित फटाके नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केले. त्यांचा धूर सुमारे 30 टक्के कमी, पण आवाज कुत्र्याच्या कानाला मऊ लागावा असा काही नाही. भटक्या कुत्र्याच्या शेपटीला फटाके बांधणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागू शकतं, पाच वर्षांपर्यंत कैद. 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला कमाल दंड 50 रुपये आहे, त्यामुळे तक्रार लिहिताना कलम 325 आवर्जून लिहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या आवारात न फुटलेल्या लवंग्या, फुलबाज्यांच्या तारा आणि बारुदाची राख पडलेली असते. फिरून आल्यावर पंजे ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर ते सगळं चाटलं जातं. दोन-तीन दिवस पाहुणे, अंघोळ, नखं कापणं असं काही नवं अंगावर घालू नका. शरीरातला ताण एका रात्रीत उतरत नाही.

खरी तयारी त्यानंतरची. फटाक्यांच्या रेकॉर्डिंगचा सराव करता येतो: इतक्या हळू आवाजात लावायचं की कुत्र्याने नुसता कान हलवावा, त्याच वेळी खाऊ द्यायचा, पाच मिनिटांत बंद करायचं. कित्येक आठवडे घेऊन आवाज किंचित किंचित वाढवायचा, जरा घाबरला की मागे यायचं. अट एकच, सरावाच्या काळात खरे फटाके वाजता कामा नयेत, नाहीतर केलेलं सगळं वाया जातं. तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू होतात, मग 31 डिसेंबर येतो. तो उलटला की पौषातले जे दिवस हाती राहतात त्यांत लग्नं नसतात आणि गल्लीही त्या मानाने शांत असते. सराव तेव्हा सुरू करा.